डिंक लावायचा नाही

प्रिय ताई,

हे पत्र तुला तुझी लेकच वाचून दाखवणार, आणि तिच्या तोंडून हे तुझ्या कानावर जावं एवढी माझी छाती नाही. म्हणून लिहून खणातच ठेवतोय.

तुझी नजर गेली तेव्हा तू बनवत असलेलं शोभेचं छोटं लाकडी जहाज होत आलं होतं. फक्त डोलकाठीवर चढायच्या, दोऱ्याच्या शिड्या राहिल्या होत्या. तू मला बजावलंस, "प्रत्येक पायरीला दोन्ही टोकांना गाठ मार. डिंक लावायचा नाही." मी हो म्हटलं आणि दोन दुपारींत सगळे दोरे डिंकाने चिकटवून मोकळा झालो. तुला कुठे दिसणार होतं? तू त्यांवरून बोटं फिरवलीस आणि म्हणालीस, "छान केलंस रे." वर मी तुझ्याकडे चहा मागितला.

लेकीकडे राहायला जाताना ते जहाज तू मलाच दिलंस. आज धूळ पुसताना चष्मा लावून नीट पाहिलं. डिंक खरवडून काढलाय. एकूण एक पायरीला बारीक गाठ आहे आणि प्रत्येक गाठ उलटी फिरवलेली, तुझ्या डाव्या हाताची. जाण्याआधी महिनाभर दार लावून तू काय करत होतीस, ते आत्ता कळलं.

मघाशी तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आई इथे सगळ्यांना सांगते, गाठी माराव्यात तर माझ्या भावानेच."

मी नाही म्हटलं नाही.

तुझा,
धाकटा