कौसाबाईच्या पातेल्यातलं भाजकं

प्रिय सुमन,

आज तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसलोय. आज मी तुझं ते निखाऱ्यातलं भाजकं केलं! हसू नकोस. तू गेल्यापासून परसातली चूल पहिल्यांदाच पेटली.

निमित्त कौसाबाईचं पातेलं. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे चूल बंद, म्हणून तिनं शेजारून त्यात पिठलं पाठवलं होतं. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा तुझा दंडक. पण माझ्याकडे त्यात घालायला होतं काय? एकट्यापुरती खिचडी, तीही करपलेली! पातेलं राहिलं ते राहिलंच. मग तिच्या दारावरून जायची लाज वाटू लागली. मी मागच्या दारानंच ये-जा करू लागलो. हळूहळू हाक मारणारं कुणी उरलं नाही. सुमन, एकट्याला हे घर फार मोठं होतं गं.

दसरा झाला आणि ताडकळसच्या बाजारात लाल भोपळा, रताळी, पेरू दिसले. पेरूला तू जामच म्हणायचीस. "जाम घ्या काका, लय गोड हायेत," विकणारी म्हणाली आणि माझे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपण भाव जास्त सांगितला!

इतकी वर्षं दर अश्विनात याचंच भाजकं खाऊ घातलंस, पण निखाऱ्यात आधी काय घालायचं ते कधी सांगितलं नाहीस. जवळ आलो की, "तुमी दूर बसा, राख उडवायलाव." आता भोग! मी सगळं एकदमच पुरलं. रताळी कडकच होती, तोवर जाम फुटून निम्मे राखेत गेले. भोपळा मात्र छान भाजला, कडेला काळा, खमंग. सालं काढून सगळं हातानं कुस्करलं, गूळ-मीठ घातलं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी दिली. चव तुझ्या जवळपासही नव्हती. वास मात्र तोच. मी ते कौसाबाईच्या पातेल्यात भरलं.

मग पातेलं घेऊन कौसाबाईकडे गेलो. इतके दिवस का आलो नाही, ते ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"एवढ्यासाठी तोंड चुकवायलाव व्हय, भाऊजी? चिमूटभर साखर घालून दिलं असतं तरी झालं असतं की! आमाला वाटलं, तुमाला कुणी आलेलंच नको हाय."

साखर! मला सुचलंच नाही बघ. तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस.

तिनं बसायला पाट दिला, भाकरी वाढली. भाजकं चाखलं आणि विचारलं, "केलं कुणी?"

"सुमननं," मी म्हणालो.

तोंडातून निघूनच गेलं. "सुमनताई एवढं मीठ घालायची व्हय?" कौसाबाई म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. मग आम्ही दोघंही जेवलो.

घरी आलो तर सगळं सामसूम. तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

एक शब्द देतो. पुढच्या अश्विनात आधी रताळी, मग भोपळा, जाम अगदी शेवटी. मीठ बेतानं. आणि कुणी विचारलं तर "मी केलं" असं म्हणेन. फक्त तेवढं म्हणायला जीभ वळेपर्यंत थोडा वेळ दे.

तुझाच,
अहो