धाकटा दारात बसला आहे

तारीख १४, मंगळवार, सकाळचे साडेआठ

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम. वहिनीलाही सलाम सांग. मुलांना आशीर्वाद, जरी ती आता मला रस्त्यात ओळखणार नाहीत.

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडलं असशील, तर वहिनीला तुकडे जुळवायला सांग. तुझ्या रागापुढे ती जन्मभर तेच करत आली आहे. चौदा वर्षांनी लिहितोय आणि सुरुवातीलाच थट्टा करतोय, म्हणजे मी होतो तसाच आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीचा सहा जणांचा चमू सेवेसाठी परदेशात आलाय, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, औषधपाणी बघणाऱ्या नर्सबाई, गाणारी दोन पोरं आणि मी. मी कशाला? हापसे दुरुस्त करायला. सकाळी मी हापसा खोलतो. वॉशर बदलून पाणी आलं की गाव गोळा होतं, आणि संध्याकाळी त्याच लोकांपुढे पाळकसाहेब सुवार्ता सांगतात. नर्सबाई म्हणतात, "भाऊ, तुमचा पाना आधी आणि पुस्तक मागून." पाळकसाहेबांना हे फारसं आवडत नाही, पण गर्दी आवडते.

तब्येत बरी आहे. शाळेच्या खोलीत राहतो. बाकं जोडून झोपतो, त्यामुळे पाठीला वर्गाची हजेरी लागते. दर गावी दोन दिवस असा बेत होता. इथे आज सहावा दिवस. आम्ही आलो आणि पलीकडच्या पुलाची फळी खचली. आता शुक्रवारी होडी येईल, तोवर एक रस्ता, चाळीस घरं आणि मी. बाजारात तोंड चुकवायला जागा असते रे. इथे हापशाशी गेलं तरी तीच माणसं, वळून आलं तरी तीच.

तोंड का चुकवायचं, ते सांगतो. जरा आडवळणानं सांगू दे.

पाच वर्षांपूर्वी मंडळीत मला साक्ष द्यायला उभं केलं. मी म्हणालो, माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं फाटलं होतं, चूक माझी होती, प्रभूनं माझं मन फिरवलं आणि मी त्याच्या दाराशी गेलो. इथवर आलो आणि थांबलो, कारण पुढे काही घडलंच नव्हतं. गेलो म्हणजे, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर उभी केली होती, आणि पुन्हा चालू केली. पण पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई पुढे वाकून म्हणाल्या, "मग? उघडलं का दार?"

मी म्हणालो, "उघडलं."

एवढा एकच शब्द, दादा. आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला, पाळकसाहेब उठून गळ्यात पडले. आता तो शब्द परत कुठे ठेवू? त्यानंतर जिथे जाईन तिथे तीच साक्ष. पुढे तर त्या साक्षीत तू मला जेवायलाही बसवू लागलास. वहिनीनं ताट वाढलं, तू रडलास. तुला कधी रडताना पाहिलं नाही, म्हणून ते वर्णन जरा कच्चं व्हायचं. माझ्या मोडक्या इंग्रजीचं इथला दुभाष्या लोकांच्या भाषेत रूपांतर करतो. तो निवृत्त मास्तर आहे, त्यानं ती जागाही पक्की करून टाकली.

या गावात दोन भाऊ आहेत. थोरला सुतार, धाकटा विटा पाडतो. घरं समोरासमोर, मधे एकच हापसा, नऊ वर्षं बोलणं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी साक्ष दिली. शुक्रवारी सकाळी बघतो तर धाकटा थोरल्याच्या दारात मांडी घालून बसलेला.

सारं गाव खूश. पाळकसाहेबांनी गुडघे टेकून आभार मानले. फक्त दार उघडेना. धाकट्याची बायको तिथेच भाकरतुकडा आणून देई. सुतार मागच्या दारानं लाकडं घेऊन बाहेर पडे, त्याच दारानं आत जाई. मग लोक माझ्याकडे यायला लागले. तुझ्या भावानं किती दिवसांनी उघडलं? मी म्हणालो, तिसऱ्या दिवशी. का म्हणालो, देवाला ठाऊक. बायबलात प्रभू तिसऱ्याच दिवशी उठतो, तो दिवस बरा असतो म्हणून असेल.

रविवारी तिसरा दिवस उजाडला आणि मावळला.

काल सकाळी सुताराच्या मागच्या अंगणात हातोड्याला दांडा बसवून घ्यायला गेलो, बरोबर मास्तर. सुतार दांडा तासत मास्तरांना म्हणाला, "याला सांगा, माझ्या घरात मलाच कोंडून घातलंय यानं. चार दिवस चोरासारखा मागनं ये-जा करतोय."

मी म्हटलं, "धाकटा आहे. माफी मागायला बसलाय."

"मागितली कुठे? नुसता बसलाय. बसायला काय, कोंबडीपण बसते, पण ती निदान अंडं तरी देते." रंधा खाली ठेवून म्हणाला, "केलं काय ते तोंडानं बोलला असता, तर पहिल्या दिवशीच उघडलं असतं."

मास्तर हे मला सांगताना हसत होते. मला हसू आलं नाही. हातोडा तिथेच टाकून मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. वाईट माणूस नाही, दादा. म्हणाले, "भाऊ, आत्ता सांगितलंत तर तो उठून जाईल. पाच गावं उरलीत. घरी जाऊ, तुमच्या भावाला भेटू, साक्ष खरी करून घेऊ."

"आणि तोवर?"

"तोवर निदान गप्प राहा."

गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार? चौदा वर्षं तोच धंदा केलाय.

दुपारी धाकट्यानंच बोलावलं. ओठ सुकलेले. मास्तरांकरवी विचारलं, "तू काय बोललास, म्हणून तुझ्या भावानं उघडलं? मला ते शब्द दे."

मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मी गेलोच नाही. दार उघडलं नाही, कारण मी ते वाजवलंच नाही."

त्यानं विचारलं, "मग तू केलं काय होतंस?"

आणि दादा, जे तुला सांगायचं ते मी वीट पाडणाऱ्या परक्या माणसाला सांगितलं. त्या दिवशी मालकांच्या कारखान्यात तू मोटरीच्या पुलीवर पट्टा चढवत होतास. सकाळी गिऱ्हाइकांसमोर तू मला झापलं होतंस आणि माझं डोकं तापलेलं होतं. वाटलं, एक झटका बसेल, दचकेल, लोक हसतील. मी खटका दाबला. तुझी तीन बोटं गेली. मालक आले तेव्हा मी म्हणालो, "दादाच 'चालू कर' म्हणाला."

तू 'थांब' म्हणाला होतास. तुला आजवर वाटत असेल की कारखान्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नसेल. तुझा स्वभाव तसाच आहे, माझ्यासाठी एवढी फट तू ठेवली असशील. ती बुजव. जमिनीखाली शंभर फुटांवर वॉशर झिजलेला मला पाइपाला कान लावून कळतो. तू चार हातांवर होतास. मला ऐकू आलं होतं.

मालकांनी तुझाच निष्काळजीपणा ठरवला. तुझी जागा मला मिळाली, तिथून माझा कारखाना झाला. लोक म्हणतात, स्वकष्टानं वर आला.

मास्तरांचा आवाज शेवटी बारीक झाला होता. धाकटा उठला. माझ्याकडे बघितलंही नाही. पँटीची माती झटकली आणि हापशाला वळसा घालून आपल्या घरी गेला, कडी लावली. मी उंबऱ्याशी तसाच बसून राहिलो.

थोड्या वेळानं माझ्या पाठीमागे दार उघडलं.

सुतार आतून सारं ऐकत होता. बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं आणि मास्तरांना विचारलं, "तो कुठे गेला?"

त्याला काय सांगू? नऊ वर्षांनी दार उघडलं, आणि उंबऱ्यावर भाऊ नव्हता, मी होतो. कालपासून ते दार उघडंच आहे. समोरचं बंद आहे. मधे हापसा, आणि पाणी भरायला आलेली माणसं मला वाट देऊन बाजूला होतात. आज सकाळी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेतली, माझं सोडून. नर्सबाईंनी मात्र चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "दोन शब्द लिहा घरी." मी कागदच मागून घेतला.

हे पत्र शुक्रवारच्या होडीनं जाईल. तीन आठवड्यांनी मी परत येईन. तुझ्या दारात बसणार नाही, तुला मागच्या दारानं ये-जा करायला लावणार नाही. हे पत्र तुझं आहे. जुन्या मालकांना दाखव, मंडळीत वाचून दाखव, माझ्या कारखान्याच्या फाटकावर चिकटव. मी नाही म्हणणार नाही, आणि ऐकू आलं नाही असंही म्हणणार नाही.

'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' असं इथे लिहिलं होतं. खोडलं. चालणार नाही, दादा.

तुझा गुन्हेगार,
आणि तुला चालत असेल तर अजूनही
तुझा धाकटा