रायफलच्या पेट्या आणि माझा मार्केटचा अभ्यास

४ फेब्रुवारी, सकाळी सात
दूध उतू जाऊ नये म्हणून मी एक डोळा गॅसवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालत होते आणि हे खाली बसून रायफलची नळी पुसत होते. "जरा हात दे," म्हणाले. म्हणजे झाकण दाब. पेटीतला फोम जाड, झाकण एकट्याला जुमानायचं नाही. मी दोन्ही तळव्यांनी दाबलं, ह्यांनी चारही खटके लावले. मग मी दूध उतरवलं, ह्यांचा कप कान डावीकडे करून ठेवला आणि ओटा पुसला. त्या सकाळी विशेष काहीच झालं नाही.

हे लिहायचं नव्हतं. ही वही मार्केटच्या अभ्यासासाठी आहे.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. दुकान मी चालवते. बंदुका ठेवायच्या आणि न्यायच्या पेट्या, पिशव्या, कपाटं. बंदुका नाहीत, नुसत्या पेट्या. हे लोकांना समजावण्यात निम्मा दिवस जातो.

भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दुकानात अर्धे भागीदार. काल म्हणाले, "वहिनी, महिनाअखेर नेमबाजी क्लबची ऑर्डर आली नाही, तर मार्चपासून इथे मोबाइलची कव्हरं." मी म्हटलं, येईल. कशावरून, म्हणाले. अभ्यासावरून, म्हटलं.

निश्चय: रोज एक तास वाचन. धंद्यात भावनेला थारा नाही.

५ फेब्रुवारी
तीन कॅटलॉग आणि एक व्यापारी मासिक, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं. ट्रेंड असे: कापडी पिशव्या मागे पडताहेत. विमानाने जाणाऱ्यांना चाकांची, दोन कुलपांची कडक पेटी लागते. घरात बोटाच्या ठशाने उघडणारं कपाट.

त्या कपाटाचं सँपल आलंय. माझं बोट नोंदवलं, कॅटलॉग आत ठेवले, दार लावलं. भांडी घासून आले तर कपाट मला ओळखेना. हात कोरडा होईपर्यंत तासभर समोर बसून होते. किल्लीही आतच.

निष्कर्ष: बोटाच्या ठशाला भविष्य नाही. निदान भांडी घासणाऱ्यांच्या घरी नाही.

८ फेब्रुवारी
मोठा निर्णय. मासिकात लिहिलंय, पुढचा काळ मापाने कापलेल्या फोमचा. रायफलच्या आकाराचा खाचा, ती आत हलतच नाही. क्लबात चोवीस रायफली, सगळ्या एकाच मॉडेलच्या. ह्यांची त्यातलीच. लायसन्स ह्यांच्या नावावर होतं, त्यामुळे ती क्लबाकडे गेली. पेटी तेवढी माझ्याकडे राहिली. शेल्फवर असते, डिस्प्ले म्हणून.

तर माप घरातच आहे. खाच्यावर कागद ठेवून पेन्सिलीने रेघ काढली. फोम बाहेर काढला नाही. दोन वर्षं बसलाय, बसू दे.

कारखानदाराने फोनवर तीनदा विचारलं, "उजवी करायची की डावी?" मी तीनदा सांगितलं, जशी काढलीय तशी, एक सूतही इकडेतिकडे नको. माणसाला ठामपणा लागतो. चोवीस नग.

९ फेब्रुवारी
भावजींनी विचारलं, क्लबाला विचारून ऑर्डर दिलीत ना. मी म्हटलं, आधी विचारलं की गिऱ्हाईक भाव खातं. त्यांनी उठून पंखा वाढवला.

१७ फेब्रुवारी
पेट्या आल्या. इतक्या देखण्या की भावजींनीसुद्धा हात पुसून मगच पेटीला हात लावला. एकेक उघडून बघितली. सगळ्यांत तोच खाचा. दुपारी जेवायचं राहिलं. कामामुळे.

१८ फेब्रुवारी
एक पेटी घेऊन क्लबात गेले. तिथले सर, जे रायफलींची देखभाल करतात, त्यांनी रायफल खाच्यात ठेवली. बसली, पण उलट्या कुशीवर. गोळी भरायचा बोल्टचा दांडा खाली येऊन फोममध्ये रुतला. सरळ ठेवली तर दस्ता खाच्याबाहेर. सर म्हणाले, "वहिनी, ही डाव्या हाताची पेटी आहे."

मी म्हटलं, एकच तशी आली असेल.

सर म्हणाले, "दादा डावखुरे होते ना."

मला काय ते माहीत नव्हतं? तीस वर्षं कपाचा कान डावीकडे फिरवलाय.

दुपारी चार: शांतपणे विचार केला. चूक झालेली नाही. मार्केट अजून तयार नाही, इतकंच.

२० फेब्रुवारी
डावखुऱ्या ग्राहकांची पाहणी. पोस्टात दोन तास उभी राहून कोण कोणत्या हाताने सही करतं ते पाहिलं. पासष्टांत एक डावा. त्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. तरी धरला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुमचं काही हरवलंय का?" मी म्हटलं, सर्व्हे चाललाय.

२२ फेब्रुवारी
क्लबात एक डावखुरी सभासद आहे, असं कळलं. दंतवैद्य. एकदम धंद्याचं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून दाढ दुखते सांगून गेले. डावखुऱ्या खऱ्याच. त्यांनी दाढ बघितली आणि म्हणाल्या, किडलीय, बरं झालं आलात. इंजेक्शन दिलं. मग मी पेटीचं बोलायला गेले तर तोंडातून नुसता फेस.

बोलल्या त्याच. स्वतःची रायफल नाही. क्लबातली एक जुनी डाव्या हाताची वापरतात. "फार छान सांभाळलेली आहे हो. पण ताडपत्रीच्या पिशवीत असते बिचारी, ती पिशवीही फाटलीय."

कोणाची, ते मी विचारलं नाही. जीभ बधिर होती.

२५ फेब्रुवारी
भावजींनी कव्हरवाल्याला आणलं. तो टेप घेऊन शेल्फ मोजायला लागला. जुन्या पेटीपाशी आल्यावर म्हणाला, ही केवढ्याला? मी भाव सांगितला. भावजी म्हणाले, "गेल्या महिन्यात निम्मा होता. वहिनी, जुन्या पेटीचा भाव वाढतो तरी कशामुळे?" मी म्हटलं, मागणीमुळे. ते म्हणाले, "मागणी कुणाची?"

गिऱ्हाइकासमोर असलं बोलणं शोभत नाही. कव्हरवाल्याला सांगितलं, उद्यापासून आणखी वाढणार आहे.

२७ फेब्रुवारी
सर स्वतः दुकानात आले. पुढच्या आठवड्यात क्लबाला बाहेर स्पर्धेला जायचंय, पेट्या हव्यातच. मी त्यांना सर्व्हे वाचून दाखवायला घेतला. पोस्टापर्यंत आले, तोवर त्यांनी एका पेटीतला फोम उचलला, पालथा केला आणि परत बसवला. खाचा आरपार कापलेला होता. डाव्याचा उजवा झाला. मिनिटसुद्धा लागलं नाही.

भावजी म्हणाले, "एवढंच?"

सर म्हणाले, "दादांनीच शिकवलं. डावी पेटी मिळतच नव्हती. उजवी आणली आणि असाच फोम पालथा केला. तुमच्या पेटीत बघा ना, फोमवरचं कंपनीचं लेबल खाली गेलेलं असेल." आणि शेल्फकडे हात नेला. मी म्हटलं, नको, डिस्प्ले बिघडेल.

भावजींनी उगाच पावतीपुस्तक शोधलं. ते समोरच होतं.

ऑर्डर झाली. सर म्हणाले, "तेवीस पालथ्या करून द्या. एक राहू दे तशीच, आमच्या डॉक्टरबाईंसाठी." जाताना भावजी म्हणाले, "कव्हरवाल्याला नाही सांगतो. पण वहिनी, आता सर्व्हे पुरे."

महिनाभराच्या अभ्यासाचा निष्कर्ष: फोम पालथा होतो. मी एकदा उचलून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

२८ फेब्रुवारी
सकाळी तेवीस फोम पालथे केले. मग शेल्फवरची पेटी खाली घेतली आणि तिचाही फोम उचलला. खाली कंपनीचं लेबल होतं आणि ह्यांचा नळी पुसायचा फडका. फडका धुऊन वाळत घातला. फोम होता तसा बसवला.

पेटी क्लबात नेली. डॉक्टरबाईंनी रायफल ठेवली. झाकण बसेना. त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं, मी चारही खटके लावले.

दुकानात येऊन शेल्फच्या रिकाम्या जागी चोविसावी पेटी मांडली. कॅटलॉगमधला भाव लावला.