पालथी मोटर

रविवार, खुटबाव

फिरली! आधी तेवढं लिहून टाकते.

छतावरची अँटेना खाली बसून फिरवायची मोटर, एका अनोळखी माणसाकडून जुनी घेतलेली. माझं हॅम रेडिओचं, म्हणजे घरून दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या रेडिओचं, लायसन्स नवं, वायरिंगचा अनुभव शून्य. दुपारी अंगणात बाजेवर ठेवून तिच्या सहा वायरी कंट्रोलच्या डब्याला जोडल्या आणि डब्यावरचं बटण दाबलं. नुसतीच घूं घूं. लगेच बोट काढलं.

सासरे बघत होते. "जळली व्हय गं?"

"माहीत नाही, आप्पा."

शेजारचे मोबाइलचा टॉवर नको म्हणून ओरडत असताना छतावर पाइप उभा करायला त्यांनीच होकार दिला होता. आता त्यांना काय सांगणार?

मग लक्षात आलं. मोटर पालथी असताना मी वायरींचे स्क्रू मोजले होते, म्हणजे पहिला तो सहावा झाला. इतकी कशी मी बावळट? सगळ्या वायरी सोडवून पुन्हा जोडल्या, पण बटण दाबायला हात होईना.

आप्पाच म्हणाले, "दाब की! जळायची आसंल तर जळंल."

दाबलं. हळूहळू फिरली, आणि हातातल्या डब्यावरचा दिशा दाखवणारा काटाही तिच्याबरोबर सरकला. पालथी! अजून हसू येतंय.

"दौंडाकडं कर," आप्पा म्हणाले. केली. "आता शिरूरकडं." मग डबा त्यांनी स्वतःच्याच मांडीवर घेतला. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन बघायला लागल्या, तर त्यांना म्हणाले, "टॉवर न्हाई वो, आमच्या सूनबाईचा रेडिओ हाय. या, तुम्हीबी फिरवून बघा."