काउंटरमधला चष्मा

बाबा, आधी चष्मा लावा. चिठ्ठीवरच ठेवलाय, म्हणून ही ओळ एवढी मोठी लिहिलीय.

तो बेकरीच्या काउंटरसाठी ओतलेल्या काँक्रीटमध्ये पडलाच नव्हता. काँक्रीटमध्ये मिसळायची लाल रंगाची पूड असते ना, तिच्या पिशवीत सापडला, मोजायच्या मापाशेजारी.

सकाळी आईला हाताशी घेऊन साचा उघडला. काउंटर आरशासारखा निघालाय, कुठे चीर नाही. काल तुमचं ऐकून चष्म्यासाठी तो फोडला असता तर आठवड्याची मेहनत मातीत गेली असती. आता टेम्पोतून पोचवायला जातेय. बेकरीवाल्या काकूंना यातलं काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.

पलंगाखालचा हातोडा जागेवर ठेवा. पोटभर जेवा, कालपासून उपाशी आहात.

आणि यापुढे रंग मोजताना मला हाक मारत जा. मला शिकायचंय, असं समजा.

— धाकटी