टाचणीची राहिलेली साक्ष

मी, खाली सही करणार, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कवळ्या तयार करणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर दुसरे औषध घेत नाही. हा कागद मी माझ्या हाताने, माझ्या कामाच्या खोलीत, दार आतून लावून लिहीत आहे. कुणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कुणी सांगितले म्हणून थांबणारही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कुणी म्हणालेच, तर ते खोटे समजावे.

मी कमी बोलणारा माणूस आहे. हे वाचून "हा असा कधी नव्हता" असे ज्यांना वाटेल त्यांना सांगतो, होतो. फक्त बोलत नव्हतो.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, हे सर्व माझ्या पश्चात पत्नीच्या पूर्ण मालकीचे होईल. तिने विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप लावून बहिणीकडे राहायला जावे. तिला कुणी सल्ला देऊ नये.

हे शेवटचे वाक्य माझ्या थोरल्या मेहुण्यांसाठी आहे. ते पत्नीचे सख्खे भाऊ आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. पुढची खोली प्रार्थनेसाठी मिळावी म्हणून ते तीन वर्षे माझ्या मागे लागले आहेत. "भाऊजी, तुमच्या पश्चात का होईना, टाचणीच्या नावाने एक खोली होईल. पाटी मी करून देतो."

टाचणी म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. लहानपणी काटकुळी होती आणि बोलली की नेमके लागायचे, म्हणून हे नाव पडले. मोठेपणी शाळेत भूमिती शिकवायची. चार वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या नावाने खोली होणार नाही. पाटीही होणार नाही. कारण कलम ५ मध्ये दिले आहे.

कलम २. बँकेतील ठेवीही पत्नीच्याच.

कलम ३. हत्यारे माझ्या भाच्याला द्यावीत. तो परगावी हेच काम करतो आणि माझ्यापेक्षा बरे करतो. घासायचे यंत्र, सर्व कानशी, मेणाचे चाकू, आणि जबड्यासारखी उघडमीट होणारी पितळी चौकट. चौकटीचा डावा स्क्रू ढिला आहे, तो मुद्दाम तसा ठेवला आहे. घट्ट करू नये.

हत्यारांबरोबर एक गोष्ट सांगून ठेवतो. नवी कवळी घालून माणूस आरशात बघतो आणि "छान बसली" म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आठ दिवसांनी त्याला बोलवावे आणि कुठे टोचते ते विचारावे. भिडस्त माणसे सांगत नाहीत. घरी जाऊन कवळी पाण्याच्या वाटीत ठेवतात, वर्षभर पातळ खातात आणि रस्त्यात भेटले की आपल्याला धन्यवाद देतात. त्यांचे हसणे बघून फसू नये. टोचते ते कळल्याशिवाय घासता येत नाही.

कलम ४. फळीवरचे प्लास्टरचे साचे ज्याचे त्याला परत करावेत. प्रत्येकावर मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव लिहिले आहे. मंडळीतल्या निम्म्या लोकांचे दात माझ्या हातचे आहेत. माझ्याच हातच्या दातांनी त्यांनी मला सांगितले की देवाची इच्छा होती, रडू नका.

थोरल्या मेहुण्यांचा साचा त्यांना आठवणीने पोहोचवावा. गेल्या चाळीस वर्षांत त्यांचे तोंड गप्प असलेले मी तेवढ्याच एका ठिकाणी पाहिले.

कलम ५. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असते. देवाने आपल्यासाठी काय केले ते ज्याला सांगायचे असेल तो उभा राहून सांगतो. पद्धत चांगली आहे. मी स्वतः कधी उभा राहिलो नाही.

टाचणीच्या आजाराला सात महिने झाले होते. एका शनिवारी मेहुणे घरी आले आणि पाकिटाच्या पाठीवर चार वाक्ये लिहिली. मी बरी झाले आहे, प्रभूने मला स्पर्श केला आहे, वगैरे.

ती म्हणाली, "मामा, रिपोर्ट सोमवारी आहे. पुढच्या महिन्यात उभी राहते ना."

"रिपोर्ट बघून तर परकाही साक्ष देईल. मग त्यात विश्वास कुठे राहिला?"

"पण मला बरं वाटत नाहीये."

"वाटण्यावर जाऊ नकोस. तोंडाने कबूल कर, शरीर मागून येतं."

तिने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो. चष्मा स्वच्छ होता.

रविवारी ती उभी राहिली, खुर्चीची पाठ धरून. चार वाक्ये वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. सोमवारी डॉक्टरांनी सांगितले की आजार यकृतापर्यंत गेला आहे. नवव्या आठवड्यात ती गेली.

दफनाच्या वेळी मेहुण्यांनी सांगितले की तिची साक्ष खरीच ठरली, ती स्वर्गात बरी झाली. त्याच दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ते एकाला म्हणाले, "शेवटी विश्वासात कुठंतरी कमी पडली पोरगी." मी आत पाणी घ्यायला गेलो होतो. मी पाणी घेतले आणि बाहेर आलो. त्यानंतर मंडळीच्या स्मरणिकेत तिचा फोटो आणि ती चार वाक्ये छापून आली. आता कुणी आजारी पडले की मेहुणे ती स्मरणिका घेऊन त्याच्या घरी जातात.

माझ्या मुलीच्या तोंडून वदवून घेतलेले खोटे चार वर्षे घरोघरी फिरते आहे. मी त्यांना माफ केलेले नाही. केले आहे असे माझ्या दफनाच्या वेळी कुणी म्हणू नये.

कलम ६. माझी पवित्र शास्त्राची प्रत पत्नीने ठेवावी. कातडी बांधणीची नव्हे, ती शोभेची आहे. पुठ्ठा सुटलेली, प्लास्टरचे डाग पडलेली.

ह्या प्रतीबद्दल लिहिणे भाग आहे. मी तीस वर्षे रोज एक अध्याय वाचला, एकही रविवार चुकवला नाही, आणि देवाला ओळखत नव्हतो. आमच्या धंद्यात पुष्कळदा दाताचे डॉक्टर नुसता साचा पाठवतात आणि आम्ही त्यावर काम करतो. माणसाच्या तोंडातला खड्डा न् खड्डा मला पाठ असतो, पण तोच माणूस समोरून आला तर मी ओळखत नाही. देवाचेही तसेच होते. दुसऱ्या कुणीतरी घेतलेला साचा माझ्या फळीवर होता. त्याला मी अदबीने बोलायचो आणि सगळे छान बसले आहे म्हणायचो.

टाचणी गेल्यावर सहा महिने मी प्रार्थना केली नाही. एका दुपारी यंत्र बंद करून हात धूत असताना मी मोठ्याने म्हणालो, "तुला लाज नाही का?" नळ चालू होता. पुढे मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, पत्नी वाचणार आहे. एवढे खरे की मी पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलत होतो. मला कसलेही सांत्वन झाले नाही. पण ज्याला बोललो तो उठून गेला नाही, हे मला कळले. कसे कळले ते विचारू नये. खोलीत माणूस आहे की नाही हे पाठमोरे असतानाही कळते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा भांडलो. पत्नीने दाराबाहेरून विचारले, "अहो, कोण आलंय?" मी म्हणालो, "कुणी नाही." तेही खोटेच होते.

तेव्हापासून शास्त्र नव्याने वाचू लागलो. त्यात देवाला जाब विचारणारी माणसे पानोपानी आहेत. रविवारी ती पाने कुणी उघडत नाही. प्रभूनेही वधस्तंभावरून "माझा त्याग का केलास?" असे ओरडून विचारले होते, पाकिटावर लिहून आणले नव्हते.

चार वर्षांत मला देवाबद्दल स्वतःच्या माहितीवर जेवढे कळले ते पत्नीसाठी नोंदवून ठेवतो. ओरडलेले त्याला चालते. तो खुलासा देत नाही, ह्याचा मला अजून राग आहे आणि तो त्याला माहीत आहे. तो जात नाही. आणि मी दुसऱ्याची तक्रार घेऊन गेलो की काही दिवसांनी तो माझ्याबद्दल विचारतो.

हे शेवटचे गेल्या वर्षी घडले. मी रोजच्यासारखा मेहुण्यांचा पाढा वाचत होतो, आणि मला तो गुरुवार आठवला. आठवला म्हणजे समोर ठेवला गेला.

रुग्णालयात, ती जाण्याच्या अकरा दिवस आधी, टाचणी मला म्हणाली, "बाबा, त्या रविवारी मी खोटं बोलले. देवाला सांगून टाकलंय, पण मंडळीला सांगायचं राहिलं. आता उभं राहवत नाही. तुम्ही सांगाल?"

मी म्हणालो, "असलं काही बोलू नकोस. शांत पड."

"देवाला चालतं, बाबा. चालत नाही ते तुम्हाला."

मी तिची चादर सारखी करू लागलो.

ती म्हणाली, "तुम्हीपण मामाच निघालात."

त्यानंतर तिने माझ्याकडे पाणी मागितले, उशी मागितली. हे पुन्हा मागितले नाही.

हा गुरुवार मी पत्नीलाही सांगितलेला नव्हता. इथपर्यंतचे लिहून झाल्यावर काल तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "चार वर्षं मला वाटत होतं, पोरीला खरंच बरं वाटलं होतं एक दिवस तरी." आणि उठून मधल्या खोलीत गेली. हेही माझ्याच खात्यावर आहे.

कलम ७. माझ्या दफनाच्या वेळी थोरल्या मेहुण्यांनी बोलू नये. त्यांच्या जागी माझ्या भाच्याने कलम ५ आणि ६ मोठ्याने वाचावे, आणि टाचणीची साक्ष स्मरणिकेतून काढली जाईपर्यंत मंडळीने माझ्या नावाने एकही गीत म्हणू नये.

कलम ८. वरचे कलम ७ मी रद्द करत आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी पत्नी मंडळीच्या सभागृहाची झाडलोट करून आली आणि दारातच म्हणाली, "उद्या शिंपीणबाईला उभं करणार आहेत."

शिंपीणबाई आमच्याच रांगेत बसते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. मी विचारले, "तपासणी झाली?"

"बुधवारी आहे. दादानं कागद लिहून दिलाय. टाचणीची स्मरणिका हातात ठेवली तिच्या. म्हणतो, ह्या पोरीकडं बघ."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? मान हलवली." मग पत्नी माझ्या टेबलावरच्या ह्या कागदाकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्ही मरेपर्यंत थांबणार आहे का ती?"

भाच्याने वाचावे, मी पेटीत असताना, म्हणजे मला कुणाचे तोंड बघावे लागणार नाही, अशी ती व्यवस्था होती. मी माझ्या भित्रेपणाचे मृत्युपत्र करत होतो. दुपारी तीन वाजता हे मी देवालाही म्हणालो. तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही, पण ह्या वेळी त्याचे न बोलणे आणि पत्नीचे बघणे एकच होते.

तेव्हा उद्या सकाळी, साक्षीची वेळ येताच, शिंपीणबाईच्या आधी मी उभा राहणार आहे. माझी मुलगी बरी झाली नव्हती, तिला ते माहीत होते, आणि तिने सांगायला सांगितलेले मी चार वर्षे दाबून ठेवले, एवढे सांगणार आहे. मेहुणे मध्ये बोलतील. त्यांना आवाज आहे. पत्नी म्हणते, "तुमचाही चढेल." चढू दे. शिंपीणबाईला बुधवारपर्यंत आजारी राहण्याची मोकळीक मिळाली पाहिजे.

कलम ७ रद्द झाल्यामुळे माझ्या दफनाबद्दल माझी काही सूचना नाही. कुणीही बोलावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. कलमे १ ते ६ आणि ८ मला मान्य आहेत. खाडाखोड माझीच आहे.

(सही) लिहून देणार

आम्ही दोघांनी लिहून देणाऱ्याला आमच्यासमोर सही करताना पाहिले.

(सही) १. दाताचे डॉक्टर, ज्यांच्यासाठी लिहून देणाऱ्याने सव्वीस वर्षे काम केले.

(सही) २. शेजारचे घड्याळजी.

दोघेही मंडळीचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "रविवारी मी दहापर्यंत झोपतो." घड्याळजी म्हणाले, "उद्या नका झोपू." दोघे उद्या नऊ वाजता येणार आहेत आणि मागच्या बाकावर बसणार आहेत.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
शनिवार, दिनांक ४ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटे.