बर्फाचे टायर, लातूर फाटा

३ डिसेंबर, बुधवार

नांदेडात बर्फाचे टायर मागणारा माणूस आज पाहिला. स्वतःच्या डोळ्यांनी!

दुपारी एकची वेळ. लातूर फाट्यावरचं डांबर तापलेलं. मी पहार घालून ट्रॅक्टरचा टायर रिमवरून सोडवत होतो आणि दुकानासमोर एक काळं धूड येऊन थांबलं. एवढी मोठी गाडी की तिच्यामागं आमची पाटी दिसेना. काच चार बोटं खाली आली. आतून एसीचा वारा आणि आवाज — "विंटर टायर हायत का?"

म्हटलं, "इथं विंटर फक्त स्वेटरवाल्याकडं येतो."

"अश्वजित!" शेठ ओरडले. दुकान त्यांचं — रामकिशन शेठ, मूळचे भोकरचे. मोठी गाडी दिसली की त्यांच्या तोंडातून मराठी जाते. "आइये ना साहब, बैठिये ना!" साहेब लातूरचा, शेठ भोकरचे. दोघं अर्धा तास एकमेकांशी मोडकी हिंदी बोलून राहिले!

साहेबानं गॉगल काढला आणि ओळखलं. आदर्श. एन. के. सरांचं पोरगं. लातूरला सरांच्या फिजिक्सच्या क्लासमध्ये मी दोन वर्षं घासली आहेत. एका हॉलमध्ये तीनशे पोरं, माझा बाक शेवटून दुसरा. हा तेव्हा बापाच्या केबिनमध्ये पाय वर घेऊन मोबाइल खेळायचा. त्यानं मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

अठरा तारखेला गुलमर्गला निघणार म्हणे. लातूर ते गुलमर्ग, रस्त्यानं! विमानं बंद पडलीत जणू.

४ डिसेंबर

गाडी जॅकवर घेतली. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर टायरचं माप. गाडीची किंमत मालकाला झोपेत पाठ असते, पण ते स्टिकर त्यानं जन्मात वाचलेलं नसतं. २७५/५० आर २०. म्हणजे टायर २७५ मिलिमीटर रुंद, रबराची भिंत रुंदीच्या पन्नास टक्के, रिम वीस इंची. शेंबड्या पोराला कळेल. आदर्शला ते पन्नास म्हणजे स्पीड वाटला!

त्याला बावीस इंची पाहिजेत. काळ्या, चमकणाऱ्या रिमा. मोबाइलमध्ये फोटो घेऊनच आलाय.

आता चाकाची एकूण उंची तर तेवढीच ठेवावी लागते. नाहीतर स्पीडचा काटा खोटं बोलतो. रिम वाढवली की रबर घटलं. वीसला चौदा सेंटिमीटर भिंत, बावीसला अकरा. बर्फात उलटं करायचं असतं — रिम लहान, भिंत उंच. एकोणीस बसली असती तर अजून बरं. पण या धुडाचा पुढचा ब्रेकच एवढा आहे की एकोणीसची रिम त्याला घासते. म्हणजे वीस. विषय संपला.

सगळं सांगितलं त्याला. "कंपनीच्या वीसच्याच रिमा राहू द्या. दिल्लीत एका दुकानात विंटर टायर मिळतात. तिथं चढवा, येताना तिथंच उतरवा. विंटरचं रबर मऊ असतं, थंडीत दगड होऊ नये म्हणून. इथनंच चढवले तर दिल्लीपर्यंत खोडरबरासारखे झिजतील."

"पण वीस फोटोत बारीक दिसतं रे."

फोटोत!

शेठ म्हणाले, "साहब को बावीस होना, तो बावीस देंगे." आणि मग माझ्या कानाशी, अस्सल भोकरच्या मराठीत — "तुझी अक्कल तुझ्या डब्यात ठिव."

६ डिसेंबर

सुट्टी. आई सकाळीच पांढरी साडी नेसून पुतळ्याकडं निघाली, तिच्यासोबत गेलो. दिवसभर कोणावर चिडलो नाही. लिहून ठेवतो, असा दिवस वर्षातून एकदा येतो.

८ डिसेंबर

आज एन. के. सर स्वतः आले. रिमा बघायला. पांढरी पँट, पांढरे बूट — टायरच्या दुकानात! मी मुद्दाम शेजारी ग्रीसचा डबा उघडून ठेवला.

सर उभ्या उभ्या लेक्चर द्यायला लागले. शेठ, दोन हेल्पर, पंक्चर काढायला आलेला एक दूधवाला — सगळे विद्यार्थी. "टायर रुंद, रिम मोठी, म्हणजे ग्रिप जास्त. साधं सायन्स आहे!"

राहवलं नाही. म्हटलं, "सर, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. तुमच्याच नोट्स. पान एकतीस, चौकटीत."

सर हसले. काय हसले! "ते परीक्षेपुरतं असतं बाळा."

परीक्षेपुरतं! दोन वर्षं त्या चौकटी पाठ केल्या. शेवटून दुसऱ्या बाकावर मान वाकडी करून फळा उतरवून घेतला. आणि ते परीक्षेपुरतं! खरं म्हणजे रबराचं गणित त्या चौकटीच्या पलीकडंच आहे, मला इथं हात काळे केल्यावर कळलं ते. पण या माणसाला ना चौकट कळते ना रबर. आणि त्याच्या क्लासवर चार मजली बोर्ड.

"कोणत्या बॅचचा तू?"

"समीक्षाच्या."

का बोललो कोण जाणे. त्यांच्या फ्लेक्सवरचा तोच एक चेहरा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून असेल.

सरांनी खांद्यावर हात ठेवला. "मग तर तू घरचाच! समीक्षा आता आमची सून होणार. फेब्रुवारीत लग्न. ते काश्मीर कशासाठी वाटलं तुला? पोरांना बर्फात फोटो काढायचेत लग्नाआधीचे. तिची आई पण सोबत चाललीय."

माझा हात काळा होता. नाहीतर त्यांचा हात बाजूला केला असता.

९ डिसेंबर

शेठला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. गेलो नाही.

समीक्षा! गाडीच्या मागच्या सीटवर, पांढऱ्या फरच्या कोटात, कॅमेऱ्याकडं बघून हसणार! त्या गॉगलवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून! क्लासमध्ये आरशासमोर सुद्धा न थांबणारी पोरगी. फिरत्या चाकाची गणितं मीच तिला समजावून दिली. चौकातल्या रसवंतीत, पाठकोऱ्या कागदावर. तिला मेडिकल मिळालं. मला मिळालं नांदेडचं इंजिनिअरिंग.

दुसऱ्या वर्षाला असताना लातूरला गेलो, तिच्या कॉलेजच्या गेटवर. सरळ विचारलं. ती म्हणाली, "आधी डिग्री तर पूर्ण कर, अश्वजित."

डिग्री! तिला माझ्या डिग्रीशी लग्न करायचं होतं काय? परत आलो आणि त्याच आठवड्यात कॉलेजातून टीसी काढला. घे तुझी डिग्री!

आई तीन दिवस जेवली नव्हती. आज तीन वर्षं झाली. समीक्षानं फोन केला नाही, मीही केला नाही.

आणि तिनं निवडला तर कोण? ज्याला पन्नास म्हणजे स्पीड वाटतो!

११ डिसेंबर

आदर्श एकटाच आला. गॉगल नाही. स्टुलावर बसला, बराच वेळ बावीसच्या नव्या टायरवर हात फिरवत राहिला. शेठनी पुण्याहून मागवलेत. बारमाही टायर. कडेला एम आणि एस ही अक्षरं आहेत, चिखल आणि बर्फ. ती अक्षरं कोणीही छापतं. खऱ्या विंटर टायरवर डोंगराचं चित्र असतं, तीन शिखरं आणि आत बर्फाचं फूल. या टायरवर डोंगर नाही. गुलमर्गच्या चढावर खाली गोठलेला बर्फ असला की हे रबर लाकूड होणार.

म्हणाला, "यार, तू त्या दिवशी बोललास ते डोक्यात फिरून राहिलंय. यावर स्नो लिहिलंय बघ. खरं सांग, हे चालतात का? न्हाई म्हणलास तर वीसचं करू. फोटो गेले खड्ड्यात. सोबत लेडीज हायत."

विचारलं! त्या गाढवानं शेवटी नीट प्रश्न विचारला. आणि मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडाशेजारी तिचं तोंड दिसलं.

म्हटलं, "चालतंय."

एवढंच. आमच्याकडचा सगळ्यात स्वस्त शब्द. पूल खचला — चालतंय. मास्तर आले नाहीत — चालतंय. आयुष्यभर हा शब्द बोलणाऱ्यांना शिव्या घातल्या मी.

त्यानं हात मिळवला. काळ्या हाताशी, न पुसता.

१२ डिसेंबर

आईनं शेंगदाण्याची आमटी केली होती, माझ्या आवडीची. अर्धी वाटी तशीच सोडली. "कोणावर चिडून राहिलास एवढा?"

म्हटलं, "टायरवर."

"टायरनं काय घोडं मारलं तुझं?"

१५ डिसेंबर

चढवले. बावीसचे चारही. मीच. हवा मोजून, बॅलन्सिंग करून, एक नट सैल नाही. कामात खोट नाही माझ्या — खोट फक्त एका शब्दात.

चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ सरांनी फोडला, सरांच्या पत्नी नागाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. आदर्शनं गाडी पुढं घेतली, लिंबं फचकन फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिजिक्सचे मास्तर! बर्फावर लिंबू सांभाळणार!

कंपनीच्या वीसच्या चार रिमा दुकानातच. आदर्श म्हणाला, "परत आलो की बघू." मागच्या भिंतीला लावून ठेवल्यात. येता-जाता दिसतात. वर गोणपाट टाकलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेसातला गाडी आली. लातूरहून नागपूर, मग वर. दिल्लीत दोन दिवस मुक्काम, कपड्यांसाठी. हवा बघायला थांबले.

आदर्श आणि फोटोग्राफर उतरून चहाला गेले. मी मागच्या उजव्या चाकाशी बसलेलो. वरची काच खाली आली.

ती. चेहरा वाळलाय. ड्यूट्या करून असेल. शेजारी तिची आई झोपलेली. माझ्याकडं बघितलं. कसा आहेस नाही, इथं काय करतोस नाही. तीन वर्षांनी पहिलं वाक्य काय?

"टायर नीट आहेत ना?"

टायर!

डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या नवऱ्याला विचारा."

मग काच वर. काचेत माझंच तोंड, कपाळाला ग्रीस.

गेली गाडी. जाऊ दे. त्या घरात शोभेल. मालकीणबाई नोकराला टायर विचारतात, तसं विचारलं तिनं.

१९ डिसेंबर. सचखंड एक्स्प्रेस, परभणी सोडलं

काल गाडी गेल्यावर शेठ बशीत चहा ओतत म्हणाले, "मागं बसली होती ना, ती डॉक्टरीण, तिचाच फोन आलता गेल्या महिन्यात. अश्वजित तुमच्याकडंच हाय ना, म्हणं, मग गाडी तिकडंच पाठवते. त्यो तोंडाचा फाटका हाय, पण खोटं बोलत न्हाई, म्हणं. तुला सांगू नका म्हणली होती."

तिचा नंबर पाठच होता. लावला.

"ते टायर बर्फावर चालत नाहीत. मला माहीत होतं."

मग म्हणाली, "सकाळी विचारलं होतं मी."

शेठनी सांगितलंय, गेलास तर परत येऊ नकोस. आलो निघून. वीसच्या चारही रिमा पार्सलच्या डब्यात आहेत. प्रत्येक स्टेशनात उतरून बघून येतो. उद्या दुपारी दिल्ली. तिथल्या त्या दुकानातले विंटर टायर मी माझ्या हातानं चढवणार.

थांबा म्हटलं दिल्लीत. ती हो म्हणाली नाही. फक्त दुकानाचा पत्ता मागितला.